ख्रिस्ती साहित्य संमेलनात झालेली मैत्री पुढे टिकते का?

गोदाकाठची

सगळ्यांना सलाम.

मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक अंकात माझी गीतं येतात. शिवाय काही वर्षांपासून आजीच्या आठवणी एका वहीत लिहिते आहे. आजी मिशनच्या रात्रशाळेत अक्षरं शिकली. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं तिला तोंडपाठ होती, तरीही गाताना 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक हातात लागायचंच, मग चष्मा सापडो न सापडो. ही वही घराबाहेर कोणी वाचलेली नाही. घरातले वाचतात, "छान लिहिलंयस" म्हणतात, आणि विषय तिथेच संपतो.

यंदा ख्रिस्ती साहित्य संमेलनाला जावं असं फार मनात आहे. आमचे पाळकसाहेब म्हणतात, अवश्य जा. मिस्टरांचं म्हणणं असं की रजा, एसटीचा खर्च, नोंदणीचे पैसे हे सगळं धरलं तर तेवढ्यात चांगली पुस्तकं येतील, आणि भाषणं तर हल्ली मोबाइलवरही ऐकायला मिळतात. त्यांचं काही चुकतंय असंही मला वाटत नाही.

म्हणून मला परिसंवाद कसे होतात हे विचारायचं नाही. तिथे भेटलेली माणसं पुढे टिकतात का, एवढंच विचारायचंय. शाळेत माझ्या सहकाऱ्यांपैकी दोघी-तिघी कविता करतात, पण माझ्या लेखनातलं प्रार्थना, उपवासकाळ, सुवार्ताफेरी असलं काही आलं की त्या गप्प होतात. मंडळीत सगळे आपलेच, पण लिहिणारं कोणी नाही. दोन्हीकडे मी अर्धीच असते. असं आणखी कोणाचं होतं का? आणि संमेलनाने त्यात काही फरक पडला का?

कॅम्पातला

जा ताई. बाकी काही नाही तरी पुस्तकांचे स्टॉल बघा. दुकानात कुठेच न दिसणारी जुनी ख्रिस्ती मराठी पुस्तकं तिथे हाताला लागतात. माणसांचं मात्र नशिबावर आहे.

रात्रपाळी

ताई, सलाम. मी मिरजेची, निवृत्त परिचारिका. "दोन्हीकडे अर्धी" हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

टिकतात. सगळी नाही टिकत. एखादंच माणूस टिकतं, आणि ते पुरतं. माझं सांगते.

नोकरीत असताना मी वॉर्डातल्या आठवणी लिहायला लागले. रात्रपाळीत पहाटे तीनच्या पुढे जरा उसंत मिळते. सलाइन बदलून झाली, चार्ट भरून झाले की टेबलावरच्या दिव्यात लिहायचं. औषध कंपन्यांच्या डायऱ्या फुकट मिळायच्या, कागद त्यांचाच. तशी एक डायरी पिशवीत घालून मी संमेलनाला गेले, पण ती बाहेर काढायचा धीर काही होईना.

मुक्काम एका शाळेत होता. वर्गातले बाक भिंतीला सारून सतरंज्या अंथरलेल्या. माझ्या शेजारच्या सतरंजीवर वसईच्या एक शिक्षिका होत्या, कॅथलिक. मी जन्मापासून प्रॉटेस्टंट मंडळीतली. इस्पितळात केरळच्या कॅथलिक मैत्रिणी पुष्कळ होत्या, पण मराठीतून रोझरी म्हणणारी बाई मला तिथे पहिल्यांदा भेटली. त्यांनी पिशवीतून सुकेळी काढली, मी भडंग काढलं. त्या घरी फोनवर सामवेदीत, म्हणजे वसईकडच्या बोलीत, बोलत होत्या, त्यातलं मला अर्धंमुर्धंच कळत होतं. ऐकायला मात्र फार गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी कविसंमेलन लांबत चाललं होतं. आम्ही दोघी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसलो. त्यांनी विचारलं, "तुम्ही काय लिहिता?" मी डायरी पुढे केली. मला वाटलं, चाळतील आणि परत देतील. त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली आणि तिथेच बसून एक अख्खा लेख वाचला. जत तालुक्यातून साप चावलेला एक शेतमजूर रात्री आमच्याकडे आणला होता, त्याच्यावरचा लेख. वाचून म्हणाल्या, "बाई, तुमच्या लेखात प्रभू तिसऱ्या ओळीत येतो. हा माणूस मात्र पान संपलं तरी आलेला नाही. त्याच्या पायात काय होतं? त्याची बायको कुठे बसली होती?"

मला दोन्ही ठाऊक होतं. एका पायात चप्पल नव्हती. दुसऱ्या पायातली आम्ही काढली, ती बायकोने पदरात गुंडाळून धरली होती आणि ती कॉटच्या पायथ्याशी जमिनीवर बसून होती. स्टूल दिलं तरी बसेना. हे मी त्यांना तोंडी सांगितलं. त्या म्हणाल्या, "हाच लेख आहे. हे लिहा. प्रभू त्यातच असेल, त्याला वेगळं बोलवायला नको."

ताई, हे मला दुसरं कोण सांगणार होतं? प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगायचं, त्याला आपण साक्ष म्हणतो; लहानपणापासून अशा साक्षी ऐकत, साक्षी देत वाढतो. साक्षीचा शेवट आधीच ठरलेला असतो, म्हणून शेवटाकडे जायची घाई होते आणि वाटेतली माणसं राहून जातात. असा लेख बाहेरच्या मासिकाकडे गेला तर संपादक "धार्मिक आहे" म्हणून बाजूला ठेवतो. मंडळीत वाचला तर लोक आमेन म्हणतात. दोन्हीकडे लेख वाचायचा राहूनच जातो. प्रार्थना म्हणजे काय हे जिला आतून माहीत आहे आणि वाक्य कुठे सैल पडलं हेही कळतं, अशी वाचक मला त्या पायऱ्यांवर मिळाली. पुस्तकं विकत मिळतील, मिस्टरांचं खरं आहे. अशी वाचक विकत मिळत नाही.

पुढे पत्रं सुरू झाली. "सप्रेम सलाम" लिहायचं आणि लगेच पुढच्या ओळीपासून चुका. आता व्हॉट्सअॅप आहे, पण लेख अजून छापील कागदावरच पाठवतो, कारण पेन्सिलीच्या खुणा लागतात. हंगामात तिच्याकडून सुकेळी येतात, माझ्याकडून हळद जाते. तिच्या कादंबरीत वसईतलं एक वाडीवालं कुटुंब आहे. विहिरी खाऱ्या होत जातात, जमीन विकावी की नाही यावर भावाभावांत फाटतं. त्यात एक मुलगी विषमज्वराने आजारी पडते आणि चौथ्या दिवशी उठून विहिरीवर जाते असं तिने लिहिलं होतं. मी सांगितलं, बाई गं, ती चौथ्या दिवशी उठणार नाही. ताप किती दिवस कसा चढतो, जीभ कशी दिसते, आई रात्री काय करते, हे तिला फोनवर सांगत होते आणि ती लिहून घेत होती. ते प्रकरण आता इतकं उतरलंय की मला वाचवत नाही.

माझे मिस्टर गेले तेव्हा ती मुलाला घेऊन आली. आठवडाभर राहिली, स्वयंपाकघर तिनेच सांभाळलं, लिहिण्याचं नावही काढलं नाही. परत गेल्यावर काही दिवसांनी फोनवर म्हणाली, "इतक्यात लेख लिहायला बसू नकोस. फक्त नोंद ठेव. तारीख आणि काय झालं ते." नातेवाईक धीर देत होते, पाळक येऊन प्रार्थना करत होते, आणि त्या सगळ्याचा आधार होताच. पण लिहिणाऱ्या बाईला त्या वेळी काय सांगायचं असतं हे दुसऱ्या लिहिणाऱ्या बाईलाच सुचलं.

उपवासकाळात आम्ही शुक्रवारी रात्री फोनवर ख्रिस्तपुराणातल्या ओव्या वाचतो, थोड्या ती, थोड्या मी. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, आणि १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेला त्यांचा हा ग्रंथ जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा. आमच्या मंडळीत तो कोणी कधी उघडलेला मी पाहिला नव्हता. तिच्यामुळे तो माझ्या घरात आला. आणि लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे तिने आधी वाचली होती तरी नगरची, मिशनच्या आवारातली माणसं कशी असतात हे तिने माझ्याकडून ऐकलं. माझं आजोळ नगरचं.

टिळकांचं नाव निघालंच आहे तर हेही सांगते. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं होतं. ते काही ख्रिस्ती संमेलन नव्हतं, पण रेव्हरंड टिळक तिथे होते आणि सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोमरेही होता. अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्या पोराला बालकवी म्हणून गौरवलं. ते नाव सगळ्यांना माहीत आहे. पण नाव दिल्यावर पुढे काय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिला, त्या घरातला होऊन गेला. लक्ष्मीबाईंनी त्याच्याबद्दल लिहिलंय ते पोटच्या मुलाबद्दल लिहावं तसं. तो ख्रिस्ती झाला नाही, आणि त्यामुळे त्या घरातली त्याची जागा कमी झाली नाही. १९१८ साली तो भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेला, टिळक पुढच्याच वर्षी गेले. एका संमेलनातल्या भेटीने दोन कवींना आयुष्याची ती शेवटची वर्षं एकमेकांच्या सोबतीने मिळाली. भाषणं कुठली झाली ते आता कोणाला आठवतंय?

वऱ्हाडी वाचक

वरचं वाचून बरं वाटलं, पण दुसरी बाजूही ताईंना कळू द्या.

मी बरीच संमेलनं पाहिली. मैत्री होते, पण पुष्कळदा ती 'अहो रूपं अहो ध्वनिः' अशी होते. तुम्ही माझ्या संग्रहाला प्रस्तावना द्या, मी तुमच्या संग्रहाचं परीक्षण लिहितो. प्रकाशनाला बोलावलं की पुस्तक घ्यावंच लागतं. आपला वाचक आधीच थोडा. पाचशे प्रती काढायच्या आणि त्या एकमेकांच्याच कपाटात जाऊन बसायच्या. आणि एकदा मैत्री झाली की "ही कविता जमली नाही" असं म्हणायची सोय उरत नाही. मला एका कवीने असं स्पष्ट सांगितलं होतं, त्यानंतर बाकीच्यांनी त्यालाच बोलावणं बंद केलं. मी त्याच्याशी संबंध ठेवला, आणि तोच आजही माझा पहिला वाचक आहे. पण तो एकटाच.

शिवाय पंथांचं आहेच. जेवणाच्या पंगतीत कॅथलिक एकीकडे, आमचे एकीकडे. कोणी मुद्दाम करत नाही, ओळखीच्याजवळ ओळखीचा बसतो. पण दोन दिवस तसेच निघून जातात.

ताईंनी जावं, पण फार अपेक्षा ठेवून जाऊ नये.

बावखलाकाठी

मी वसईचा. रात्रपाळीताईंच्या मैत्रीण कोण ते ओळखलं असं वाटतंय, पण नाव घेत नाही.

एक सांगायचं होतं. नुसत्या ख्रिस्ती संमेलनावर थांबू नका. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एक धर्मगुरू अध्यक्ष झाला म्हणून आधी बराच विरोध झाला होता, त्यामुळे आम्ही वसईहून निघालो ते थोडं धास्तावूनच. फादरांची तब्येतही बरी नव्हती, तरी ते आले, बोलले. मंडपात माझ्या शेजारी कळंबकडचे एक शेतकरी बसले होते. वारकरी, गळ्यात माळ. फादरांचे वर्तमानपत्रातले लेख कात्रणं काढून ठेवणारे. त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडं यांना घरात काय म्हणतात?" मी म्हटलं, फादरच म्हणतो. मग आम्ही दुपारभर बोललो. त्यांनी तुकोबाचे अभंग म्हणून दाखवले. मी वसईची लग्नगीतं सांगितली आणि त्यांनी ती डायरीत उतरवून घेतली.

वसईची हिरवाई वाचवण्याच्या 'हरित वसई' लढ्यावर मी जे काही लिहिलंय ते छापायच्या आधी त्यांच्याकडे जातं. पाण्याचं आणि जमिनीचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. वसईबद्दल मी रागाच्या भरात लिहिलं की ते विचारतात, "हे लातूरच्या माणसाला समजंल का?" जुलै २०२४ मध्ये फादर गेल्याची बातमी आली, तेव्हा मला आलेला पहिला फोन त्यांचा होता. नातेवाइकांच्याही आधी.

तेव्हा ताई, आधी आपल्या माणसांत जा. आजीबद्दल मोकळेपणाने बोलायची सवय होऊ द्या. मग मोठ्या संमेलनालाही जा.

रात्रपाळी

वऱ्हाडीदादा, तुम्ही म्हणता ते होतं. मीही पाहिलंय आणि मला त्याचा फार त्रास होतो, कारण त्यात लिहिणाऱ्याचंच नुकसान आहे. चाळिशीत पहिला संग्रह काढणाऱ्या माणसाला चहूकडून "अप्रतिम" ऐकू आलं तर त्याचा दुसरा संग्रह पहिल्यासारखाच निघतो.

म्हणून आम्ही दोघींनी सुरुवातीलाच ठरवून टाकलं की एकमेकींच्या पुस्तकाला प्रस्तावना द्यायची नाही, परीक्षण लिहायचं नाही, व्यासपीठावर एकमेकींबद्दल बोलायचं नाही. जे काही सांगायचं ते छपाईच्या आधी आणि कागदावर. तिच्या कादंबरीबद्दल आज इथे लिहिलं तेवढंच, आणि तेही पुस्तक अजून आलेलं नाही म्हणून. यामुळे लोकांना कधी कधी वाटतं की आमचं बिनसलंय. वाटू दे.

माणूस कसा ओळखायचा हे विचाराल तर माझ्याकडे एकच खूण आहे. तुमचा मजकूर वाचून जो प्रश्न विचारतो त्याच्याजवळ बसा. आजी कुठल्या गावची, रात्रशाळेत कंदील कोण आणायचं, तिच्याबरोबर आणखी कोण बायका होत्या, घरून विरोध होता का. "भाषा ओघवती आहे" म्हणणारा माणूस वाईट नसतो, पण त्याला आजीशी कर्तव्य नसतं. आणि वऱ्हाडीदादा, तुमच्या त्या मित्राला, ज्याला बोलावणं बंद झालं, त्याला यंदा तुमच्याबरोबर घेऊन या. त्याच्यासारखी माणसं आली नाहीत तर पंगती अशाच वेगवेगळ्या बसत राहतील.

पंगतीचं म्हणाल तर उपाय सोपा आहे. ताट घेऊन अनोळखी रांगेत जाऊन बसायचं. आपल्या लोकांना नंतर भेटता येतं.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांना हे सगळं वाचून दाखवलं. सापाचा लेख आणि ती चप्पल ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "रजेचा अर्ज टाक." त्यांची आता एकच काळजी आहे की मी एकटी जाणार, तर राहण्याचं कसं. आणि माझा प्रश्न असा की वही सगळी आणू का? ती एकच प्रत आहे, हरवली तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

बावखलाकाठीदादा, वसईची लग्नगीतं माझ्या शाळेतल्या मुलींना ऐकवायला आवडतील. कुठे लिहिलेली असतील तर सांगा.

बावखलाकाठी

ताई, आमच्या घरातल्या बायकांकडून लिहून घेतो आणि पाठवतो. सामवेदीतली आहेत, खाली अर्थ देईन. गाताना मुलींना टाळ्यांचा ठेका धरायला सांगा.

रात्रपाळी

वही अजिबात आणू नका. तिचे आधी मोबाइलवर पानापानाचे फोटो काढून ठेवा, संमेलनाला यायचं नसतं तरी हे करायलाच हवं. बरोबर दोनच पानं आणा, मोठ्या अक्षरात, बाजूला भरपूर कोरी जागा सोडून, चार-पाच प्रती झेरॉक्स करून. दोन पानं माणूस चहा पिताना वाचून काढतो. अख्खी वही घेतो आणि सावकाश वाचतो म्हणतो, मग ती तशीच राहते. प्रमुख पाहुण्यांच्या हातात देऊ नका, त्यांच्या मागे शंभरजण असतात. तुमच्याएवढंच लिहिलेल्या, तुमच्यासारख्याच संकोचाने कोपऱ्यात बसलेल्या बाईला द्या आणि तिचीही दोन पानं मागून घ्या. मागितल्याशिवाय ती देणार नाही.

राहण्याचं म्हणाल तर नोंदणीच्या अर्जावर महिला, एकटी असं स्पष्ट लिहा आणि आयोजकांना एकदा फोन करा. बायकांची सोय वेगळ्या वर्गात असते. चादर, उशीचा अभ्रा, टॉर्च आणि पाण्याची बाटली हवीच. मी येणार आहे, वसईचीही येते आहे. पोचलात की आमच्याच वर्गात या, मधली सतरंजी तुमच्यासाठी धरून ठेवतो. मोबाइल चार्ज करायला वर्गात प्लग अपुरे पडतात, एक्स्टेन्शन बोर्ड मी आणते.